रत्नम्माचं झुकतं माप

गंजगोलाईत सिद्रामप्पांचं किरकोळ धान्याचं दुकान पाहिलेली माणसं आता लातुरात थोडीच उरली असतील. जी आहेत त्यांना सिद्रामप्पांचा तराजू नक्की आठवेल. किलोभर ज्वारी मागितली की ते दांडी सरळ आणायचे, मग वरून मूठभर ज्वारी टाकायचे आणि पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला चांगलं वाकल्यावरच पिशवीत ओतायचे. शेजारचे दुकानदार त्यांची टिंगल करायचे. सिद्रामप्पांचं म्हणणं असं, की दांडी सरळ राहिली तर गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत मनात मोजत राहतं, आणि वाकली तर निवांत जेवतं. बाहत्तरच्या दुष्काळात ज्वारीच मिळेनाशी झाली, तरी त्यांची वरची मूठ सुटली नाही. दुकान तेवढं सुटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी तराजू धुतला, त्याला विभूती लावली, कोनाड्यात ठेवला आणि वर्षभरात स्वतःही गेले. मागे राहिली ती एकुलती लेक रत्नम्मा आणि तिच्या हातात बसलेली ही सवय.

रत्नम्मा त्या वेळी तेहतीस वर्षांची विधवा होती आणि पदरात रुद्राणी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. आडतीतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून शिवलिंगम्मा प्रसूतिगृह बांधलं होतं. सिद्रामप्पांची लेक म्हणून त्यांनी तिला तिथे आया म्हणून लावून घेतलं. झाडणं, पुसणं, बाळंतिणीचे कपडे धुणं ही तिची कामं. लेकरांचं वजन करणं हे खरं तर सिस्टरचं काम, पण उमादेवी सिस्टर एकटी, वॉर्ड दोन, आणि तिच्या पायांना कायम सूज. तेव्हा वजन रत्नम्माकडे आलं. रत्नम्मा वजन करून मोठ्यानं सांगायची आणि सिस्टर लिहायची. दुकानात वाढलेल्या पोरीला काटा काय शिकवायचा, असं सिस्टर म्हणायची.

तो काटा साधाच होता. एका अंगाला लेकराचं पाळण्यासारखं पारडं, दुसऱ्या अंगाला दांडीवर सरकवायचं वजन. दांडीवर पन्नास पन्नास ग्रॅमची घरं पाडलेली. एखादी बाळंतीण दोन दिवस कळा देऊन मोकळी झालेली असायची, तिची सासू दाराशी तोंड वाकडं करून उभी असायची, आणि लेकरू हलकं भरायचं. अशा वेळी रत्नम्मा ते वजन एक घर पुढे सरकवायची आणि तोच आकडा सांगायची. तिच्या मनाला हे खोटं वाटलंच नाही कधी. शंभर-पन्नास ग्रॅम जास्त सांगितल्यानं लेकराच्या अंगावर मांस चढत नाही, पण आईला पान्हा फुटतो, असं तिचं मत होतं. तेरा वर्षांत अशी किती लेकरं तिनं एक घर पुढे नेली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही आणि त्यानं कुणाचं काही बिघडलंही नाही.

पुढे उस्मानाबादपासून सुटून लातूर स्वतःचा जिल्हा झाला. कलेक्टर आले, कचेऱ्यांना पाट्या लागल्या, आणि टपरीवर चहा पिणारेही जिल्ह्याच्या ठिकाणी बसल्यासारखे ऐटीत बसू लागले. ती ऐट फार दिवस टिकली नाही, कारण पावसानं नव्या जिल्ह्याची काही कदर केली नाही. पंच्याऐंशी साली गावाला आठवड्यातून एकदा पाणी सुटू लागलं. खेड्यांतून तर विहिरींचे तळ दिसत होते. बाया रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होत्या, त्यात सात-सात महिन्यांच्या गरोदर बायाही होत्या, आणि त्यांची लेकरं वेळेआधीच, मुठीएवढी होऊन बाहेर येत होती. शिवलिंगम्मा प्रसूतिगृहात पूर्वी महिन्याला एखादं असं लेकरू यायचं. आता आठवड्याला यायला लागलं. त्यांना कापसात गुंडाळायचं आणि शंभर वॅटच्या दिव्याखाली ठेवायचं, एवढाच इलाज होता. निम्मी जात होती.

त्या श्रावणात पुण्याहून काचपेटी आली. एका संस्थेतल्या लोकांनी ती आपल्याकडेच, आपल्याच सामानात तयार केली होती. परदेशी पेटीच्या मानानं फार स्वस्त. आत लेकरू ठेवायचं, खालून ऊब यायची, एका तसराळ्यातल्या पाण्यानं हवा ओली राहायची. राज्यात तीन ठिकाणी तिची परीक्षा होणार होती आणि नव्या जिल्ह्यासाठी शिवलिंगम्मा प्रसूतिगृह निवडलं होतं. प्रसूतिगृहाचे डॉ. बिरादार उदगीरकडचे, तरुण, जीव लावून काम करणारे. त्यांनी सगळ्यांना उभं करून नियम समजावला. दोन किलोच्या आतलं लेकरू जन्मलं की तासाभरात वजन. मग पाळीपाळीनं, एक लेकरू पेटीत, त्याच्या पुढचं दिव्याखाली. निवड करायची नाही, रदबदली चालणार नाही. नऊ महिन्यांनी पुण्याची माणसं येऊन दोन्हीकडचे आकडे ताडून बघणार. दीड किलोच्या आतली लेकरं पेटीमुळे जास्त जगली असं दिसलं, तर ही पेटी इथेच राहील आणि जिल्ह्यातल्या मोठ्या गावांना आणखी चार मिळतील. त्या गावांच्या यादीत मुरुडचं नाव होतं.

मुरुडचं नाव ऐकलं आणि रत्नम्माच्या हातातलं फडकं थांबलं. रुद्राणी मुरुडलाच दिलेली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोन्ही लेकरं सातव्या महिन्यात होऊन गेली होती. पहिलं एक दिवस होतं, दुसरं सहा दिवस. विहीणबाई तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण मुलासाठी दुसरी सोयरीक बघून राहिल्याचं रत्नम्माच्या कानावर आलं होतं. त्यामुळे काचपेटीची परीक्षा म्हणजे रत्नम्माला आपल्याच लेकीची परीक्षा वाटू लागली. पेटी पास झाली पाहिजे, मग रुद्राणीचं तिसरं कितव्याही महिन्यात आलं तरी चालेल, असा तिनं मनाशी हिशेब बांधला.

तेव्हापासून ती पेटीला डोळ्यांत तेल घालून जपू लागली. पेटीला रोज दोन लिटर उकळून गाळलेलं पाणी लागायचं. टँकर आला नाही तर रत्नम्मा घरच्या घागरीतलं पाणी आणायची आणि स्वतः अंघोळ न करता कामावर यायची. वीज गेली की गरम पाण्याच्या पिशव्या करून पेटीत सारायची. ज्या लेकराच्या घरचे लिंगायत असत त्याचं इष्टलिंग पाळण्याला बांधायचा रिवाज. इथे पाळणा नाही म्हणून ती ते लाल दोऱ्यानं पेटीच्या कडीला बांधून द्यायची. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करायचे.

आणि ती पेटीला झुकतं माप देऊ लागली. पहिल्यांदा झालं ते केवळाबाईच्या लेकराच्या वेळी. केवळाबाई रेणापूरकडची, पाझर तलावाच्या कामावर माती वाहता वाहता तिला कळा लागल्या होत्या. लेकराची पाळी पेटीची होती. वजन भरलं चौदाशे पन्नास. दीड किलोच्या आतलं जगत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या बोलण्यातून कधीतरी वॉर्डात पसरली होती आणि आता सगळ्या सासवांना पाठ झाली होती. केवळाबाईची सासू साखराबाई गाठोडं बांधूनच उभी होती. दीडच्या आतलं असलं तर दवाखान्यात दिवस मोडण्यात हशील नव्हतं, कामाचा खाडा होत होता. तिनं विचारलं, "किती भरलं बाई?" रत्नम्मानं वजन दोन घरं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "पंधराशे पन्नास. लई गुणाचं हाय." सिस्टरनं ते लिहिलं. साखराबाईनं गाठोडं सोडलं. दहा दिवस ते लेकरू पेटीत राहिलं, मग आईजवळ, आणि सव्वा महिन्यानं आईच्या कुशीत घरी गेलं.

त्या दिवसापासून पेटीच्या पाळीचं लेकरू दीडच्या जवळपास असलं की रत्नम्मा त्याला पलीकडे न्यायची. कधी एक घर, कधी दोन, एकदा तर तीन. दिव्याखालच्या लेकरांच्या आयांनाही ती कानात थोडं वाढवूनच सांगायची, पण सिस्टरला मात्र खरं सांगायची, कारण तिकडे परीक्षा नव्हती. यात फार तर्क शोधू नये. परीक्षेला निघालेल्या पोराच्या कपाळाला आई विभूती लावते, तशी ती पेटीला दोन घरं लावत होती. पेटीच्या पानावर भरदार आकडे दिसले की पेटीचं नाव होईल, एवढंच तिला कळत होतं. माझं मत विचाराल तर नऊ महिने जिच्या हातात काटा दिला, तिला हे आकडे कशासाठी हवेत ते कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. पण आयाला कोण सांगत बसतो.

वैशाखात पुण्याच्या बाई आल्या. शास्त्रज्ञ होत्या, साध्या सुती साडीतल्या, बोलायला मऊ. त्या दोन दिवस नोंदवही घेऊन बसल्या. रत्नम्मानं त्यांना तीनदा चहा नेऊन दिला. रुद्राणीला तेव्हा तिसरा महिना होता आणि रत्नम्माचा जीव टांगणीला लागला होता. पेटीत एकवीस लेकरं ठेवली होती, पंधरा जगली. दिव्याखाली वीस, त्यांतली नऊ जगली. हे सगळ्या वॉर्डाला तोंडपाठ होतं. रत्नम्मानं तर मनातल्या मनात पेढेही वाटून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डॉक्टरांना समोर बसवून विचारलं, की पेटीत घालायला लेकरं निवडली होती का. डॉक्टर म्हणाले, एकही नाही, पाळी काटेकोर पाळली. मग बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. दिव्याखालच्या वीस लेकरांत बारा दीड किलोच्या आतली होती. पेटीतल्या एकवीसमध्ये अशी तीनच, आणि त्यांतली दोन गेलेली. बाकी सगळी दीडच्या वरची, म्हणजे कदाचित दिव्याखालीही तगली असती अशी. पेटीनं काय केलं हे यातून सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांचा सूर वाईट नव्हता. त्यांनाही पेटी पास व्हायला हवी होती, त्यांच्याच लोकांनी ती केली होती. डॉक्टर बराच वेळ वही चाळत राहिले. त्यांना आपल्या तळहातावर मावलेली लेकरं आठवत होती आणि वहीत ती कुठेच सापडत नव्हती. दाराशी कपबशा गोळा करायला आलेली रत्नम्मा हे सगळं ऐकत होती. तिला ती बेरीज-वजाबाकी नीट कळली नाही, पण पेटीची लेकरं जड होती म्हणून पेटी नापास होऊन राहिली आहे, एवढं कळलं. ती कपबशा तिथेच सोडून निघून गेली.

आठ दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. नवव्या दिवशी ती डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाब, पेटीची लेकरं हलकीच होती. मी जड सांगितली."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. त्यांनी विचारलं, किती जड सांगितली. ती म्हणाली, कधी एक घर, कधी दोन. कुणाला किती, ते आता लक्षात न्हाई. त्यांनी पुन्हा विचारलं, दिव्याखालच्यांनाही वाढवून सांगितलं का. ती मान हलवून न्हाई म्हणाली, आणि आपण कशासाठी केलं ते रुद्राणीपासून सगळं सांगून बसली.

डॉक्टर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते कपाळाला हात लावून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही सगळ्यांना सारखं वाढवून सांगितलं असतं, तरी मी ही पेटी वाचवली असती."

त्यांनी पुण्याला खरं ते कळवलं, नाव न घेता. उत्तर आलं, की जी नोंद दुरुस्त करता येत नाही ती धरता येत नाही, लातूरचे आकडे वगळले आहेत. उरलेली दोन ठिकाणं मोठ्या शहरांतली होती, तिथे इतकी लहान लेकरं आलीच नव्हती, म्हणून निर्णय पुढे ढकलला आहे. तोवर पेटी परत पाठवावी. डॉक्टरांनी विश्वस्तांना रत्नम्माबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. वजनाचं कामही तिच्याकडून काढून घेतलं नाही. फक्त आता ते स्वतः काट्याशी येऊन आकडा बघायचे, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

आषाढात जीप येऊन पेटी घेऊन गेली. पेटी उचलताना कडीला अडकलेला एक लाल दोरा रत्नम्मानं सोडवून घेतला. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला अप्पांचं दुकान आठवलं आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती अशी की अप्पा सांगायचे किलो आणि द्यायचे किलोवर मूठभर. त्यांच्या पारड्यात बोललेल्यापेक्षा जास्त असायचं. तिनं जन्मभर अप्पांचं माप चालवतो आहोत असं समजून नेमकं उलटं केलं होतं, बोलली जास्त आणि पारड्यात होतं कमी. हे तेरा वर्षांत आपल्याला कसं कळलं नाही, या विचारानं ती उठून बसली आणि कितीतरी वेळ धाय मोकलून रडली.

भाद्रपदात, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, मुरुडहून रुद्राणीला जीपमध्ये घालून आणलं. पुन्हा सातवाच महिना. दुपारी मुलगी झाली. ती मुलगी तीन दिवस जगली. कापसाची गादी, शंभराचा दिवा, थेंबाथेंबानं पाजलेलं दूध, सगळं केलं. पाळण्याऐवजी दिव्याच्या दांडीला लिंग बांधलं, त्याच लाल दोऱ्यानं. डॉक्टर तिन्ही दिवस घरी गेले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी माती दिली, आणि विहीणबाई स्मशानातून परस्परच मुरुडला निघून गेल्या. त्यांनी रुद्राणीला न्यायला नंतर कुणाला पाठवलंही नाही. रत्नम्मा पुढे कितीतरी वर्षं त्या प्रसूतिगृहात राहिली आणि हे सगळं तिनं गिळलं. तिला गिळता आली नाही ती त्या पहिल्या दुपारची एक गोष्ट.

मुलगी झाल्यावर नाळ कापून रत्नम्मानंच तिला काट्यावर ठेवलं होतं. डॉक्टर शेजारी उभे होते, पण या वेळी त्यांची गरज नव्हती. तिनं दांडीवरचं वजन दोन बोटांनी, श्वास धरून सरकवलं. दांडी सरळ झाली, तशी ती तिथेच ठेवली. मागे नाही, पुढे नाही. सिस्टरला आकडा सांगितला आणि सिस्टरनं लिहिला. मग ती मुलीला कापसात गुंडाळून रुद्राणीच्या खाटेजवळ घेऊन गेली.

रुद्राणीनं डोळे उघडले. तिनं मुलगी का मुलगा हेही विचारलं नाही.

"अव्वा, किती भरलं?"

"साडेतेराशे," रत्नम्मा म्हणाली.

रुद्राणी आईकडे बघत राहिली. ती याच वॉर्डात, याच काट्याभोवती खेळून मोठी झाली होती. आईचं बोट दांडीवर पुढे सरकताना तिनं लहानपणापासून पाहिलेलं होतं, आणि त्यावर दोघी मायलेकी कधीकधी हसल्याही होत्या.

"म्हणजे साडेबाराशे," ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

रत्नम्मा शपथ घालून सांगत राहिली, की बाई, हे खरं हाय, या वेळी खरं हाय, सिस्टरला इचार, डॉक्टरसाबला इचार. रुद्राणीनं ऐकून घेतलं, हाव म्हणाली, आणि वळली नाही.